फुकटची नायकगिरी कुणाला परवडते?

सुपरहिरो जगाचा उद्धार करतो, पण त्याच्या घरची चूल कशी पेटते? १९३९ साली आलेला बॅटमॅन गर्भश्रीमंत होता. त्याला फुकट समाजसेवा परवडत होती. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला. अनाथ पीटर पार्कर, काकांचा खून झालेला, घरात म्हातारी मे काकू आणि पैशांची ओढाताण. वर्तमानपत्राला फोटो विकून तो घराला हातभार लावतो. वाचकाला तो आपल्यातलाच वाटला.

पण हे ‘आपण’ म्हणजे नेमके कोण? पीटर गरीब होता, तरी गोरा होता. अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या वाट्याला गरिबीसोबत तुरुंगही येतो. १९७२ साली मार्वलने ल्यूक केजची मालिका काढली. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला हार्लेमचा हा तरुण. तुरुंगातल्याच प्रयोगातून त्याला ताकद मिळते आणि बाहेर येऊन तो कामाचे रोख पैसे घेतो. डॉक्टर डूमने २०० डॉलर बुडवले, तेव्हा ते वसूल करायला तो थेट त्याच्या देशात धडकला!

काहींना हा विनोद वाटेल. आम्हाला वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून फुकट राबवून घेतले, त्यांनी मजुरी मागणे हा लोभ नसून स्वाभिमान आहे. या मालिकेचे लेखक आर्ची गुडविन गोरे होते, मात्र पहिल्या अंकापासून चित्रांवर शाई चढवणारा बिली ग्रॅहम काळा कलावंत होता. नायक कोण, याइतकेच त्याला कोण घडवतो हेही महत्त्वाचे आहे.