तलाव आला, हक्क गेला

परळ-लोअर परळच्या ज्या जमिनींवर आज टॉवर उभे आहेत, त्यांतल्या अनेकांवर १९८२ च्या संपापर्यंत गिरण्यांचे भोंगे वाजत होते. भोवतालच्या चाळींत कामगाराचं बिऱ्हाड एका खोलीत असे, नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. आज त्याच भागात भाड्याने घर घेणाऱ्याला लिफ्ट, जिम आणि स्विमिंग पूल मिळतो. ही निव्वळ प्रगती मानायला मुंबईच्या भाडेकायद्यांचा इतिहास आडवा येतो. भाडेकरूच्या सोयी वाढल्या, त्याच काळात राहत्या घरावरचा त्याचा हक्क आक्रसत गेला.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, म्हणून १९१८ साली त्यांवर नियंत्रण आलं. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला बाहेर काढायला मनाई केली. मालकांनी पागडीची, म्हणजे घर देताना एकरकमी पैसे घेण्याची वाट काढली. भाड्यासाठी इमारती बांधणं तोट्याचं ठरलं, तसा ओनरशिप फ्लॅटचा धंदा वाढला आणि १९६३ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. भाड्याने देणारे लिव्ह अँड लायसन्सकडे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-कराराकडे वळले. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या लायसन्सधारकांना सरकारने भाडेकरूचं संरक्षण दिलं, आणि मालकांनी त्याचा धसका घेतला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने काटा उलटा फिरवला. मुदत संपली की लायसन्सधारकाने जागा सोडायची, नाहीतर दुप्पट दराने भरपाई द्यायची. पूलवाल्या टॉवरमधला भाडेकरू याच चौकटीत राहतो. पूलच्या देखभालीचा खर्च त्याच्या भाड्यातूनच निघतो, पण सोसायटीचा सभासद असतो फ्लॅटमालक. पूलचे नियम ठरवणाऱ्या सभेत भाडेकरूला मत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जुन्या संरक्षणानेच चाळींची वाट लागली. यात तथ्य आहे. गोठलेल्या भाड्यात डागडुजी परवडेना, म्हणून १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. भाडं अशा प्रकारे गोठवणं अवाजवी झाल्याचं सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटलं. पण दोष भाडं गोठवण्याचा होता. भाडेकरूला राहण्याची शाश्वती देण्यासाठी भाडं गोठवावंच लागतं असं नाही. आजच्या कायद्यातच जुन्या भाडेकरूंसाठी दरवर्षी ४ टक्के वाढीची तरतूद आहे, म्हणजे भाडंही वाढतं आणि घरही टिकतं. दुसरा आक्षेप, पूल परवडणाऱ्याची कसली काळजी करायची? पण लिव्ह अँड लायसन्सचा कायदा डोंबिवली-नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेणाऱ्यालाही तोच आहे. मुदत संपताच मुलांची शाळा आणि कामाचं ठिकाण नव्याने जुळवायची वेळ त्याच्यावर येते, आणि त्याच्या इमारतीत पूलही नसतो.

मालकाला वाजवी वाढ आणि भाडेकरूला काही वर्षांची हमी, या दोन गोष्टी एकाच करारात बसू शकतात. राज्य सरकारने भाडेकायद्यात तशी दुरुस्ती करावी. तोवर घर भाड्याने घेणाऱ्यांनी सोयींची यादी वाचण्याआधी कराराची मुदत वाचावी आणि ती वाढवून मागावी.