कोचीचे तीन कोंकणी वैद्य आणि 'होर्तुस मलबारिकुस'

सदाहरित वर्षावनांच्या काठी ठाणे देऊन अनेकांनी मिळून वनस्पतींचा अभ्यास करावयाचा, ही पद्धती सर्वस्वी अर्वाचीन समजली जाते. तथापि सह्याद्रीच्या दक्षिण टोकास असा उद्योग सतराव्या शतकातच झाला होता, आणि त्यात रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचा वाटा होता. त्यांचा उल्लेख आजवर बहुधा भाषेच्या वादापुरता झाला. त्यांनी केलेले काम मात्र उपेक्षित राहिले.

डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतली. पुढील दशकात मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने तेथील वनस्पतींची नोंद आरंभिली. तीमागे निव्वळ कुतूहल नव्हते. डच कंपनी औषधे युरोपातून मागवीत असे. ती जागच्या जागी मिळाली तर मोठा खर्च वाचणार होता.

कामाची व्यवस्था पद्धतशीर होती. झाडांची जाण असलेली माणसे रानात धाडली जात. ती पानाफुलांसह फांद्या कोचीस आणीत, चित्रकार त्यांवरून चित्रे काढीत आणि वैद्य नावे व गुण सांगत. एकाच वृक्षावर दहा-बारा तऱ्हेची पाने, फुले व फळे दिसल्याचे रेडेने नमूद केले आहे. वेली, आमरी व बांडगुळे यांनी वृक्ष असा वेढला असता कोणते पान कोणाचे, हाच पहिला प्रश्न होई. तो सोडविण्यास नावे जाणणारा मनुष्य लागे.

पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचामुळे सोळाव्या शतकात अनेक सारस्वत कुटुंबे गोवे सोडून दक्षिणेस गेली. कोचीचे हे वैद्य त्याच समाजातील होत. 'महानिघंटु' हा त्यांचा आधारग्रंथ होता. एप्रिल १६७५ मध्ये त्यांनी लिहून दिलेली नागरी पत्रिका १६७८ साली ॲम्स्टरडॅम येथे निघालेल्या पहिल्या खंडात कोरीव ठशावरून छापली गेली. कोंकणीचा नागरीतील आद्य मुद्रित नमुना म्हणून तिचा निर्देश होतो; तिच्यावर मराठी लेखनपरंपरेची छापही दिसते. परंतु भाषा कोणतीही ठरविली, तरी आशय बदलत नाही. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ श्रम केल्याची ती साक्ष आहे. आपल्या ज्ञानाबरोबर आपल्या कष्टांचीही नोंद व्हावी, हे त्या लेखकांस महत्त्वाचे वाटले होते.

मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांचेही निवेदन त्याच खंडात आहे. त्यांनी मल्याळममध्ये सांगितलेले दुभाषा पोर्तुगीजमध्ये उतरवी आणि शेवटी ते लॅटिनमध्ये जाई. इतक्या भाषांतरांतून मूळ नाव तगून राहणे कठीणच. चित्रांवर रोमन लिपीशेजारी देशी लिप्यांतही नावे कोरली गेली, म्हणून ती पडताळता येतात. लिनीयसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात या चित्रांचा आधार घेतला. बकुळीच्या 'मिमुसॉप्स एलेंजी' या शास्त्रीय नावातील 'एलेंजी' हे मल्याळम 'इलञ्ञि' होय. कोंकणी माणूस त्याच झाडास 'ओंवळ' म्हणतो; ते नाव जागतिक परिभाषेत शिरले नाही.

रेडेचे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेच्या वाटेवर मुंबईनजीक समुद्रात निधन झाले. सुरतेस त्याची भव्य समाधी आहे. बारावा व अखेरचा खंड १६९३ मध्ये निघाला. २००३ साली के. एस. मणिलाल यांचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केल्यावर हा ग्रंथ लॅटिन न जाणणाऱ्या अभ्यासकांसही खुला झाला.

संघटकाचे नाव ग्रंथावर आहे. वैद्यांची नावे त्यांनी स्वतः लिहून दिल्यामुळे उरली. रानात झाडांवर चढून फांद्या आणणाऱ्यांनी काहीच लिहून दिले नाही. ज्यांच्या पायपिटीवर हे सारे ज्ञान उभे राहिले, त्यांपैकी एकाचेही नाव या ग्रंथाच्या शीर्षपृष्ठावर वा साक्षींत नाही. म्हणून त्या नागरी पत्रिकेचे मोल केवळ भाषिक नव्हे. अरण्याच्या अभ्यासात श्रम कोणाचे, या प्रश्नाचे ते एक तुटपुंजे, पण अस्सल उत्तर आहे.