दोष उशिरा लग्नाचा?

पीएच.डी. करून तिशीत लग्न केले. दोनदा दिवस राहिले, दोनदा गर्भ गेला. मावशी फोनवर म्हणाली, "शिकत बसलीस ना, म्हणून!" येथील डॉक्टरही सौम्य शब्दांत तेच बोलले. अखेर लॅपरोस्कोपीत एंडोमेट्रिऑसिस निघाले: गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, बीजकोशांवर, ओटीपोटात वाढते, दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात.

मग हा समज कुठून आला, ते शोधू लागले. १९२१ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीच्या डॉ. जॉन सॅम्पसन यांनी बीजकोशातील 'चॉकलेट सिस्ट'चे वर्णन केले. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते, हा त्यांचा १९२७ चा सिद्धांत. बॉस्टनच्या डॉ. जो मिग्ज यांनी १९४१ मध्ये उपाय सुचवला: लवकर लग्न, लवकर मुले. त्यांच्या खाजगी रुग्णांत हा विकार अधिक आढळे. पण निदानापर्यंत पोहोचण्याची ऐपत सुखवस्तू बायकांचीच होती! नमुनाच एकांगी असेल, तर निष्कर्ष कसा बरोबर येणार?

शिवाय उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो. रोग सुमारे दहांतल्या एकीला. १९९७ च्या कॅनडातील ३४१ वंध्य स्त्रियांच्या चाचणीत सौम्य विकार शस्त्रक्रियेने काढल्यावर ३६ आठवड्यांत गर्भ राहून वीस आठवड्यांपलीकडे टिकण्याचे प्रमाण ३१ टक्के होते. न काढलेल्यांत १८. गर्भपाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण त्याचे कारण अजून पुरते उलगडलेले नाही.

म्हणून एकच विनंती. मुलगी दर महिन्याला कळवळत असेल, तर "लग्नानंतर थांबेल" म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे न्या.