रबर, स्पंज आणि खेळाडूचा हात

वाचकहो, क्रीडासाहित्याच्या दुकानात टेबल टेनिसची बॅट घ्यायला गेलेल्या पालकाची अवस्था आपण कधी पाहिली आहे काय? काचेच्या कपाटात लाल-काळ्या बॅटी ओळीने मांडलेल्या असतात. दिसायला साऱ्या सारख्याच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदार विचारतो, "स्पंज किती जाडीचा हवा? मऊ की कडक?" पालक गोंधळतो आणि "चांगल्यातली द्या," असे म्हणून मोकळा होतो. चांगली म्हणजे महाग, असा आपणा सर्वांचाच समज असतो.

या समजाने मलाही एकदा फसविले. आमच्या हायस्कूलमध्ये मी इतिहास शिकवितो आणि शाळा सुटल्यावर टेबल टेनिस खेळणाऱ्या मुलांकडेही लक्ष देतो. काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा शाळेच्या जुन्या, झिजलेल्या बॅटने खेळत असे. जोरकस फटका त्याच्यापाशी नव्हता; पण आलेला चेंडू शांतपणे परत करण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. जिल्हा स्पर्धा पंधरा दिवसांवर आली तेव्हा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली आणि मी मोठ्या हौसेने त्याच्यासाठी जाड व कडक स्पंजाची वेगवान बॅट आणली. पहिल्याच फेरीत मुलगा हरला. त्याचे चेंडू टेबलाच्या हातभर पलीकडे जाऊन पडत होते. सामना संपल्यावर तो रडला नाही, कुरकुरला नाही. एवढेच म्हणाला, "सर, माझी जुनी बॅट शाळेत आहे ना?"

तो प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. जी वस्तू आपण मुलाच्या हाती देतो तिचा पूर्वेतिहास आपल्याला, इतिहासाच्या शिक्षकाला, ठाऊक नसावा याची लाज वाटली. म्हणून मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा कळले, की बॅटच्या या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रकरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे. तोच इतिहास आज आपणापुढे मांडीत आहे.

डफापासून दाणेदार रबरापर्यंत

हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये घरगुती करमणूक म्हणून सुरू झाला. रात्रीचे भोजन आटोपले, की त्याच टेबलावर मधोमध जाळी बांधून मंडळी खेळत. त्या काळच्या काही बॅटी आपल्याकडील डफासारख्या होत्या. चौकटीवर कातडे ताणून बसविलेले असे. त्यांच्या आवाजावरूनच 'पिंग पाँग' हे नाव पडले. १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा हलका चेंडू आला आणि लवकरच लाकडी बॅटवर बारीक दाण्यांचे रबर चिकटविण्याची कल्पना निघाली. गुळगुळीत लाकडावरून चेंडू नुसताच उडत असे. दाणेदार रबर त्याला क्षणभर पकडून धरी, त्यामुळे चेंडूला फिरकी देता येऊ लागली.

१९२६ साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनला पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्या स्पर्धेत भारताचे खेळाडूही होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. पुढची पंचवीस वर्षे लाकडावर पातळ दाणेदार रबर हीच बॅटची सर्वमान्य रचना राहिली. हंगेरीचा व्हिक्टर बार्ना अशाच बॅटने पाच वेळा एकेरीत जगज्जेता झाला. साधन सर्वांचे जवळजवळ सारखे असल्यामुळे जो काही फरक पडे तो हाताचा, नजरेचा आणि चिकाटीचा.

मात्र या बॅटने बचाव करणे सोपे आणि हल्ला करणे अवघड होते. खेळ कधी कधी फारच रेंगाळे. १९३६ साली प्राग येथे पोलंडचा एर्लिच आणि रुमानियाचा पानेथ यांच्या सामन्यात पहिला गुण निकालात निघण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. दोघेही चेंडू केवळ परत करीत राहिले. अखेर महासंघाला जाळीची उंची कमी करावी लागली आणि खेळाला वेळेचे बंधन घालावे लागले. हल्ला करणाऱ्याला मदत करील असे साधन केव्हा ना केव्हा येणार, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

मुंबई, फेब्रुवारी १९५२

ते साधन मुंबईत प्रकट झाले. १ ते १० फेब्रुवारी १९५२ या काळात एकोणिसावी जागतिक स्पर्धा मुंबईस भरली. आशिया खंडात भरलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. जपानचा संघही या स्पर्धेत प्रथमच उतरला होता. महायुद्धातील पराभवाला जेमतेम साडेसहा वर्षे झाली होती आणि जपान अद्याप परकीय सैन्याच्या ताब्यातच होता. त्याचे स्वातंत्र्य त्याला परत मिळाले ते पुढे एप्रिलमध्ये.

त्या संघात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा, किरकोळ अंगकाठीचा एक तरुण होता. जपानबाहेर त्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. त्याच्या बॅटवर दाणेदार रबर नव्हते. तेथे जाड स्पंज चिकटविलेला होता. या बॅटचा पहिला विशेष म्हणजे तिचा आवाजच होत नसे. वाचकहो, टेबल टेनिसमध्ये कान डोळ्यांइतकेच काम करतात. बॅटवर चेंडू 'टक्' वाजला, की तो किती जोराने मारला आहे याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला आवाजावरून येतो. सातोचा चेंडू मात्र निःशब्द निघे आणि अंगावर येऊन आदळे.

दुसरा विशेष भौतिकशास्त्रातला आहे. कठीण पृष्ठभागावर चेंडू टेकतो न टेकतो तोच उडतो. स्पंजात तो किंचित रुततो, स्पंज दबतो आणि पूर्वस्थितीला येताना चेंडूला गोफणीसारखा फेकतो. त्यामुळे थोड्या हालचालीत अधिक वेग मिळतो. हातात वर्षानुवर्षे मुरलेले प्रतिस्पर्ध्यांचे सारे अंदाज त्यामुळे चुकू लागले.

अमेरिकेचा मार्टी राइसमन हा त्या वेळचा नावाजलेला फटकेबाज. मुंबईत सातोने त्याला हरविले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला नमवून सातो जगज्जेता झाला. त्या स्पर्धेतील सात अजिंक्यपदांपैकी चार जपानने नेली. हरलेल्या, खचलेल्या देशाला आपल्या शहरात मान वर करण्याची संधी मिळाली, याचा आपणास आनंदच वाटावा.

पण राइसमनच्या बाजूनेही क्षणभर विचार करू या. लहानपणापासून जो हात त्याने घडविला, तो एका नव्या वस्तूपुढे एका दिवसात निरुपयोगी ठरल्यासारखा झाला. जुन्या दाणेदार रबरावरची त्याची निष्ठा शेवटपर्यंत ढळली नाही. १९९७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने त्याच जुन्या बॅटची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हात निरुपयोगी झालेला नव्हता, हेच त्यावरून सिद्ध होते.

सातो आणि ओगिमुरा

सातोला जगज्जेतेपद पुन्हा लाभले नाही. नवे साधन नवे असते तोवरच चकित करते. लोक सरावले, की त्याची जादू ओसरते. मग स्पंजाचा खरा लाभ कोणी घेतला? त्याच देशातील इचिरो ओगिमुरा याने. स्पंजाच्या वेगाला साजेसा खेळ त्याने कष्टाने बनविला. पेन धरतात तशी बॅट धरायची, झपाट्याने पाय हलवायचे आणि प्रत्येक चेंडूवर पुढे होऊन हल्ला करायचा, अशी त्याची पद्धत होती. १९५४ साली लंडनला आणि १९५६ साली टोकियोला तो एकेरीत जगज्जेता झाला. १९५५ व १९५७ चे विजेतेपद त्याचाच देशबांधव तोशिआकी तानाका याच्याकडे गेले. सातोच्या हाती नवी बॅट होती. ओगिमुराने तिच्यासाठी नवा खेळाडू घडविला. पुढे १९८७ साली हाच ओगिमुरा आंतरराष्ट्रीय महासंघाचा अध्यक्ष झाला.

दरम्यान स्पंजाविरुद्ध मोठी ओरड झाली. काहींचे म्हणणे, स्पंज पूर्णपणे बंद करा. काहींचे म्हणणे, विज्ञानाला आडकाठी कशाला? १९५९ साली महासंघाने मधला मार्ग काढला. नुसता उघडा स्पंज बंद झाला. ज्यांना जुने दाणेदार रबर हवे त्यांना ते ठेवता आले. त्याची जाडी २ मिलिमीटरपर्यंत. ज्यांना स्पंज हवा त्यांनी त्यावर रबर लावले पाहिजे. रबर, स्पंज आणि गोंद मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या आत. रबराचे दाणे बाहेर ठेवा किंवा आत वळवून गुळगुळीत बाजू बाहेर घ्या, दोन्हींस मुभा. ही मर्यादा आजही कायम आहे. दुकानात दिसणारी प्रत्येक स्पर्धायोग्य बॅट या तडजोडीचीच संतती आहे.

या तडजोडीतून नाना तऱ्हेचे खेळ जन्मास आले. दाणे आत वळविलेल्या गुळगुळीत रबराने जपान्यांनी चेंडूला पुढे झेपावणारी जबर फिरकी दिली. चीनच्या च्वांग त्स-तुंगने दाणे बाहेर असलेल्या रबराने टेबलाजवळ उभे राहून वेगवान हल्ला केला आणि १९६१, १९६३ व १९६५ अशी सलग तीन जगज्जेतेपदे मिळविली. लांब दाण्यांच्या रबराने प्रतिस्पर्ध्याचीच फिरकी त्याच्यावर उलटविणारे बचावपटूही झाले.

पुढे लबाडीलाही वाव मिळाला. बॅटच्या दोन बाजूंना गुणांनी भिन्न पण रंगाने सारखी रबरे लावायची आणि खेळता खेळता बॅट हातात फिरवायची! कोणत्या बाजूने चेंडू आला हे समोरच्याला कळतच नसे. १९८० साली इंग्लंडच्या जॉन हिल्टनने अशाच बॅटने युरोपीय अजिंक्यपद जिंकले. नियमानुसार त्यात गैर काहीच नव्हते. म्हणून नियमच बदलले; १९८३ साली दोन बाजूंना दोन रंग आवश्यक झाले आणि नंतर लाल व काळा हे रंग ठरले. ऑक्टोबर २०२१ पासून काळ्याच्या जोडीला लालऐवजी निळा, हिरवा, जांभळा किंवा गुलाबी रंगही चालतो. हेतू एकच: साधन कोणतेही घ्या, पण समोरच्याला ते दिसू द्या.

मग निवड कशी करावी?

इतिहास सांगून झाला. आता त्याचा व्यवहारात उपयोग पाहू. स्पंजाची जाडी मिलिमीटरमध्ये आणि कडकपणा अंशांत सांगतात. येथे एक सावधगिरी हवी. जर्मन, जपानी आणि चिनी कंपन्यांच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. एकीचे ४० अंश म्हणजे दुसरीचे ४० अंश नव्हेत. नुसत्या आकड्यांची तुलना केली तर फसगत ठरलेली.

मऊ स्पंज हलक्या फटक्यानेही दबतो. त्यामुळे हात अद्याप पुरता न बसलेल्या मुलालाही फिरकी आणि उचल मिळते. मात्र फार जोराने मारल्यास तो पूर्ण दबून चेंडू जणू लाकडावरच आदळतो. अधिक जोर वाया जातो. कडक स्पंजाचे उलट आहे. पूर्ण ताकदीने आणि योग्य वेळी फटका मारणाऱ्याला तो भरभरून देतो. हात अर्धवट फिरवणाऱ्याला काहीच देत नाही. जाडीचेही तसेच. जाड स्पंज वेग देतो, पातळ स्पंज ताबा देतो.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्यासाठी गुळगुळीत रबर, मऊ किंवा मध्यम स्पंज आणि सुमारे १.५ ते १.८ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. टेबलापासून दूर राहून फिरकीचा हल्ला करणारा आणि अंगात बळ असलेला खेळाडू दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, मध्यम ते कडक स्पंज घेऊ शकतो. टेबलाजवळ राहून चटकन फटका मारणाऱ्याने आखूड दाण्यांचे रबर वापरून पाहावे. ज्याची प्रकृती बचावाची आहे त्याला पातळ स्पंज बरा. एका बाजूला लांब दाण्यांचे रबरही चालेल. कोणी म्हणेल, असे रबर म्हणजे कमजोरांचा आधार. त्यांना सांगावे, की आपल्या मनिका बात्राने बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर लावूनच २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक मिळविले.

आणखी एक गोष्ट. स्पर्धेच्या तोंडावर बॅट कधीही बदलू नये. नवी बॅट म्हणजे हाताला नवी भाषा शिकविणे होय. तिला काही महिने लागतात. ही सूचना मी पुस्तकातून घेतलेली नाही, हे आपण जाणताच.

स्पर्धेनंतर तो मुलगा पुन्हा शाळेच्या जुन्या बॅटने खेळू लागला. मी आणलेली बॅट कपाटात पडून राहिली. काही दिवसांनी तिचे जाड रबर काढून, तेच लाकूड ठेवून, मी दोन्ही बाजूंना पातळ आणि मऊ स्पंजाचे रबर लावले आणि मुकाट्याने त्याच्या हाती दिली. त्याने चार-सहा चेंडू परत केले, बॅट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "सर, ही माझ्यासारखी आहे."

वाचकहो, आपण पालक आणि शिक्षक मुलांना उत्तम ते देण्यासाठी धडपडत असतो. त्या धडपडीत मुलाचा हात पाहायचा मात्र राहून जातो. मुंबईत १९५२ साली एका बॅटने जगाला चकित केले, पण पुढची वर्षे गाजविली ती आपला हात ओळखणाऱ्यांनी. यापुढे दुकानदाराने "मऊ की कडक?" असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मुलाला एक डाव खेळताना जरूर पाहा.