हस्तिदंती टॅक्सी आणि सोलता येणारा रंग
थ्रेड 🧵

मोटारीवर रंगाऐवजी व्हिनाइलची पातळ फिल्म चढवणे, म्हणजेच ‘रॅपिंग’, ही हौशी धनिकांची चैन आहे असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात संपूर्ण गाडी फिल्मने मढवण्याच्या या पद्धतीच्या मुळाशी जर्मन टॅक्सीमालकाचा रोकडा हिशेब आहे.

पश्चिम जर्मनीतील टॅक्सी पूर्वी काळ्या असत. अंधारात त्या नीट दिसत नसत. १९७१ साली फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. त्याचा क्रमांकही ठरलेला : राल १०१५. ‘राल’ ही जर्मनीत १९२७ पासून चालत आलेली रंगांची प्रमाणसूची. त्यामुळे ‘साधारण पिवळट चालेल’ अशी पळवाट उरली नाही.

प्रवाशाची सोय झाली. अडचण झाली ती मालकाची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतकीच ही गाडीही रंगावरून दुरून ओळखू येई. काही वर्षे चालवून ती विकायला काढली, की ‘ही टॅक्सी होती’ हे रंगच सांगे आणि भाव पडे. पुन्हा रंगवणे महाग. शिवाय रंगवलेली जुनी गाडी पाहून ग्राहकाच्या मनात निराळीच शंका येते.

१९९३ साली ब्रिटनमधील केपीएमएफ या फिल्म बनवणाऱ्या कंपनीकडे टॅक्सीसाठी रंगाची जागा घेईल अशा फिल्मची मागणी आली. गाडी मालकाने हव्या त्या रंगात घ्यावी, वर हस्तिदंती फिल्म लावून कायदा पाळावा आणि विकताना ती सोलून काढावी, असा हा व्यवहार. (त्याच वर्षी अमेरिकेत पेप्सीच्या जाहिरातीने मढवलेली बस रस्त्यावर आली, पण तो जाहिरातीचा इतिहास.)

येथे एक गमतीचा योगायोग आहे. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन रबर धातूला जोडणारा चिकट पदार्थ शोधत होते. पीव्हीसी त्यापूर्वीच ज्ञात होते, पण ताठर आणि निरुपयोगी समजले जाई. उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवल्यावर ते मऊ व लवचीक झाले. गोंदाच्या शोधात हाती आलेला हा पदार्थ पुढे टॅक्सीवाल्याच्या कामी आला, तो मात्र सहज निघून येतो म्हणून!

अर्थात प्रत्येक व्हिनाइल तसे निघत नाही, आणि निवडीचा खरा प्रश्न रंगापेक्षा येथेच आहे. तापलेल्या रुळांमधून दाबून काढलेली ‘कॅलेंडर्ड’ फिल्म स्वस्त असते. परंतु ओढले गेल्याचा ताण तिच्यात राहतो आणि कालांतराने ती आकसून कडांपाशी उचलली जाते. द्रवरूप मिश्रण पातळ पसरून भट्टीत वाळवलेली ‘कास्ट’ फिल्म सुमारे ५० मायक्रॉन जाडीची असते. तिच्यात हा ताण जवळजवळ नसतो, म्हणून बंपरच्या वळणांवर ती नीट बसते. सपाट पत्र्यावर पहिली चालून जाते. संपूर्ण गाडीला दुसरीच हवी.

लावण्यात घाई चालत नाही. प्रथम धुणे, मग अल्कोहोलने पुसून मेणाचा व तेलाचा अंश काढणे. खाली धुळीचा एक कण राहिला, तरी वर फोड दिसतो. मग मधून कडांकडे, मऊ कडेच्या पट्टीने दाबत जायचे. आधुनिक फिल्मच्या चिकट बाजूला सूक्ष्म खाचा असतात; त्यांतून हवा बाहेर पडते. वळणावर गरम हवेने फिल्म सैल करतात आणि शेवटी ताणलेल्या जागा पुन्हा तापवतात, म्हणजे ती मूळ आकाराकडे परत खेचली जात नाही. मूळ रंग आधीच सुटत असेल, तर फिल्म काढताना तोही निघून येतो. अशा गाडीवर ती न लावणेच शहाणपणाचे.

पुढे काही जर्मन राज्यांनी रंगाची सक्ती सैल केली, तरी हस्तिदंती टॅक्सी अजूनही पुष्कळ दिसतात. त्यांतली एखादी फिल्मची आहे का, हे पाहण्यासाठी दार उघडण्याची वाट पाहावी. चौकटीच्या आतल्या बाजूला बहुधा फिल्म लावत नाहीत. तेथे मूळचा काळा किंवा चंदेरी रंग दिसतो.