मेलेल्यांची टोळी

नव्वदच्या दशकात आमच्या घरी केबल आलं. दिवसभर कार्टून नेटवर्क चालायचं आणि रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं, हॉलिवूडचे जुने चित्रपट दाखवणारं. धाकट्या भावंडांचा पहारा उठला की टीव्हीसमोर मी आणि बाबा. बाबांना इंग्रजी संवाद निम्मेच कळत, पण घोडा, बंदूक आणि मार्शलच्या छातीवरचा तारा समजायला भाषा लागत नाही!

अशाच एका रात्री 'रिटर्न ऑफ द बॅड मेन' पाहिला. आरकेओ कंपनीचा, १९४८ सालचा. नायक रॅन्डॉल्फ स्कॉट. समोर खलनायकांची टोळी अशी की डोळे दिपावेत: बिली द किड, सन्डान्स किड, बिल डूलिन, तिघे यंगर बंधू, तिघे डाल्टन बंधू. सगळे एकाच टोळीत, एकाच म्होरक्याच्या हाताखाली! मला तो इतिहासच वाटला. कॉलेजात हे सगळं ठासून सांगितलं आणि एका मित्राशी भाजीपावची पैज लावली. तो लायब्ररीतून विश्वकोशाचा खंड घेऊन आला. भाजीपाव मी दिला, हे सांगायला नकोच.

त्या हरलेल्या पैजेने मला एक खोड लावली. असा चित्रपट दिसला की कागद घेऊन मृत्यूच्या तारखा मांडायच्या. आज तोच कागद तुमच्यापुढे ठेवतो.

चित्रपटाचा काळ आहे १८८९, ओक्लाहोमातली जमीन वसाहतवाल्यांना खुली झाली तेव्हाचा. २२ एप्रिल १८८९ च्या दुपारी बंदुकीचा बार झाला आणि हजारो लोक घोड्यांवरून, गाड्यांतून जमीन पकडायला धावले. आता टोळीची हजेरी घेऊ. बिली द किडला शेरिफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ लाच न्यू मेक्सिकोत फोर्ट समनर इथे गोळी घातली होती. म्हणजे तो मरून जवळजवळ आठ वर्षं झाली होती. यंगर बंधू सप्टेंबर १८७६ मध्ये नॉर्थफील्डची बँक लुटताना फसले आणि पकडले गेले. १८८९ मध्ये ते तिघेही मिनेसोटाच्या तुरुंगात होते, त्यातला बॉब तर त्याच वर्षी तिथे वारला. सन्डान्स किड घोडा चोरल्याची शिक्षा भोगून नुकता सुटला होता, त्याला कोणी ओळखतही नव्हतं. डूलिन तेव्हा गुरांमागे फिरणारा काउबॉय. आणि डाल्टन? खरी गंमत इथे आहे. त्यांनी अजून दरोडे घालायला सुरुवातच केली नव्हती. बॉब आणि ग्रॅट त्या सुमाराला कायद्याच्या बाजूने होते, बिल्ला लावून गुन्हेगार पकडत होते! त्यांचा थोरला भाऊ फ्रँक तर डेप्युटी मार्शल म्हणून काम करताना १८८७ मध्ये मारला गेला होता.

थोडक्यात, या टोळीत कोणी मेलेला, कोणी कैदेत, तिघे डाल्टन अजून दरोड्याला न लागलेले आणि उरलेले दोघे अजून नाव न झालेले. अशी टोळी फक्त पडद्यावरच जमू शकते.

हा चित्रपट एकटा नाही. त्याच कंपनीने दोन वर्षं आधी, १९४६ मध्ये, 'बॅडमॅन्स टेरिटरी' काढला होता. त्यात जेम्स बंधू, डाल्टन, बेल स्टार आणि सॅम बास एका गावात नांदतात. सॅम बास १८७८ मध्येच टेक्सासात मेला होता आणि जेसी जेम्स १८८२ मध्ये. कोलंबियाने १९५४ साली एकाच वर्षात दोन काढले: 'जेसी जेम्स व्हर्सेस द डाल्टन्स' आणि 'मास्टरसन ऑफ कॅन्सस'. दोन्हींचा दिग्दर्शक विल्यम कॅसल.

हे असं का होत होतं? कारण अगदी हिशेबी आहे. तीसच्या दशकात अमेरिकेत मंदी आली आणि थिएटरवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला एका तिकिटात दोन चित्रपट द्यायला सुरुवात केली. पहिला मोठा, दुसरा छोटा, बहुधा तासाभराचा. मोठ्या चित्रपटाला गल्ल्यातला टक्का मिळे, तर छोट्याला ठराविक भाडं. चित्रपट कितीही चालला तरी भाडं वाढत नसे. म्हणजे नफा हवा तर खर्च कमी करायचा, दुसरा मार्ग नाही. रिपब्लिक, मोनोग्राम, पीआरसी या कंपन्या याच गणितावर उभ्या होत्या. तेच डोंगर, तीच लाकडी गल्ली, जुन्या चित्रपटातलीच घोड्यांची धावपळ कापून नव्यात चिकटवायची. मोठा नट परवडत नाही. पण जेसी जेम्सचं नाव? ते फुकट! मेलेला माणूस मानधन मागत नाही. आणि एक नाव फुकट असेल तर सहा का घेऊ नयेत? १९३९ मध्ये फॉक्सचा 'जेसी जेम्स' जोरात चालल्यावर तर या नावाची ओढच लागली. आरकेओचे वरचे दोन चित्रपट यापेक्षा बऱ्या खर्चाचे होते, पण युक्ती तीच.

पीआरसीने १९४० पासून बिली द किडची मालिकाच काढली. त्यात हा खुनी पोरगा चक्क गरिबांचा कैवारी झाला. पुढे १९४३ मध्ये त्याच नटाच्या, बस्टर क्रॅबच्या पात्राचं नाव बदलून बिली कार्सन केलं. नट तोच, घोडा तोच, दाढीवाला सोबती तोच, फक्त नाव बदललं. मला आपल्या पेडण्याकडच्या दशावताराची आठवण होते. पेटाऱ्यात आहेत तेवढीच सोंगं, लिहिलेली संहिता नाही आणि आख्यान रोज नवं. फरक इतकाच की आपला प्रेक्षक देवाला देव म्हणून हात जोडतो, त्याची जन्मतारीख विचारत नाही. बिली द किडची मात्र मृत्यूची तारीख आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी नुसता चुका काढणारा मास्तर ठरेन. या चित्रपटांत सगळंच खोटं नव्हतं. 'बॅडमॅन्स टेरिटरी'तली बेवारस भूमी खरी होती. टेक्सासला गुलामगिरी हवी होती, म्हणून १८५० मध्ये त्याने साडेछत्तीस अंशांच्या उत्तरेची जमीन सोडली. १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण सीमा सदतीस अंशांवर आखली गेली. मधे सुमारे ५५ किलोमीटर रुंद आणि २७० किलोमीटर लांब पट्टा उरला, तो कुठल्याच राज्याचा नव्हता. १८९० मध्ये ओक्लाहोमाला जोडला जाईपर्यंत तिथे कोर्ट नाही, शेरिफ नाही. तशीच 'मास्टरसन ऑफ कॅन्सस'ची गोष्ट. त्यातलं कथानक रचलेलं, पण बॅट मास्टरसन, वायट अर्प आणि डॉक हॉलिडे हे खरोखर एकमेकांना ओळखत होते. १८८३ चा डॉज सिटीतला एक प्रसिद्ध फोटो आहे, त्यात मास्टरसन आणि अर्प एका चौकटीत आहेत. मास्टरसन पुढे न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्राचा क्रीडालेखक झाला आणि १९२१ मध्ये कचेरीतल्या टेबलावर लिहितानाच गेला.

मग बिघडलं कुठे? याचं उत्तर शोधताना मी मागे मागे गेलो आणि थेट १९०८ ला पोचलो.

त्या वर्षी ओक्लाहोमातल्या कॅश गावी 'द बँक रॉबरी' नावाचा छोटा मूकपट तयार झाला. दिग्दर्शक होता बिल टिलमन. हा कोणी सिनेमावाला नव्हता. डॉज सिटीचा माजी मार्शल, मग ओक्लाहोमाचा डेप्युटी मार्शल. याच टिलमनने जानेवारी १८९६ मध्ये बिल डूलिनला आर्कान्सातल्या युरेका स्प्रिंग्ज इथल्या स्नानगृहात एकट्याने, गोळी न झाडता पकडलं होतं. आणि त्याच्या चित्रपटात दरोडेखोरांचा म्होरक्या कोण? अल जेनिंग्ज, खराखुरा दरोडेखोर, तुरुंगातून १९०२ मध्ये सुटलेला! म्हणजे मार्शल आणि दरोडेखोर यांना एका स्वस्त चित्रपटात आणण्याची कल्पना हॉलिवूडची नव्हेच. ती त्या दोघांनीच आधी करून ठेवली होती. ही फीत अजून शिल्लक आहे.

जेनिंग्ज मुळात वकील. १८९७ मध्ये त्याच्या टोळीने काही महिने आगगाड्यांवर दरोडे घातले, हाती फारसं काही लागलं नाही आणि सगळे पकडले गेले. पण बोलण्यात पटाईत! १९१४ मध्ये त्याच्या आयुष्यावर 'बीटिंग बॅक' हा चित्रपट आला, त्यात तो स्वतःच नायक. त्याच वर्षी तो ओक्लाहोमाच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाच्या निवडणुकीत उभाही राहिला. हरला, पण उभा राहिला.

टिलमनला हे खपलं नाही. चोर नायक होतोय हे पाहून त्याने १९१५ मध्ये जुन्या सहकारी मार्शलांना घेऊन 'द पासिंग ऑफ द ओक्लाहोमा आउटलॉज' काढला. त्यात डूलिनच्या टोळीतला आर्कान्सा टॉम, ज्याला १ सप्टेंबर १८९३ च्या इंगल्सच्या चकमकीत पकडलं होतं, त्याने स्वतःचीच भूमिका केली. त्या चकमकीत तीन डेप्युटी मार्शल मेले होते. हा चित्रपट घेऊन टिलमन गावोगाव हिंडला, पडद्याशेजारी उभा राहून लोकांना सांगायचा की हे असं झालं आणि यातून कोणाचं भलं झालं नाही.

दोन म्हातारे, दोन चित्रपट. जिंकला कोण? पुन्हा १९४८ कडे चला. 'रिटर्न ऑफ द बॅड मेन'मध्ये डूलिन आहे, पण त्याला पकडणारा टिलमन नाही! त्याच्या जागी एक काल्पनिक नायक आहे. दरोडेखोरांची नावं खरी, कायद्याच्या माणसाचं नाव खोटं. बॅस रीव्हजचं तर सोडाच. गुलामगिरीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय डेप्युटी मार्शल १८७५ पासून तब्बल ३२ वर्षं याच मुलखात गुन्हेगार पकडत होता आणि १९१० मध्ये मस्कोगी इथे वारला. वर नावं घेतलेल्या एकाही चित्रपटात तो नाही. मेलेल्या बिलीला उठवून आणलं, पण या माणसासाठी जागा नव्हती. मला खटकतं ते हे. तारखा चुकल्या याचं मला काही नाही.

त्याच १९४८ मध्ये ओक्लाहोमात जे. फ्रँक डाल्टन नावाचा म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, मीच जेसी जेम्स, मी मेलोच नव्हतो! त्याची ओळख पटवायला कोण उभा राहिला? आपला अल जेनिंग्ज! लोकांनी विश्वासही ठेवला. शेवटी १९९५ मध्ये मिझूरीतली जेसीची कबर उकरून डीएनए तपासावा लागला. तो जेसीच्या नातेवाइकांशी जुळला.

पन्नाशीच्या मध्यावर टीव्हीने हे छोटे चित्रपट संपवले. रिपब्लिकने १९५४ मध्ये 'स्टोरीज ऑफ द सेंच्युरी' ही मालिका काढली, त्यात रेल्वेचा एकच गुप्तहेर कित्येक दशकांचे दरोडेखोर पकडतो आणि म्हातारा होत नाही. १९६६ मध्ये तर एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट जोडीने आले: एकात बिली द किड ड्रॅक्युलाशी लढतो, दुसऱ्यात जेसी जेम्सला फ्रँकन्स्टाइनच्या घरची पोरगी भेटते. हसू येतं खरं, पण मला ते त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात. मेलेल्यांना उठवायचंच आहे ना, मग भुतांच्या पंगतीलाच बसवा!

बाबा आता नाहीत. असा चित्रपट लागला तर मी आजही बघतो, मजाही येते. पण संपल्यावर कागद घेतो आणि त्याच्या तळाशी नेहमी एकच साल लिहितो, १९२४. टिलमनच्या चित्रपटातून धडा शिकवायला निघालेला आर्कान्सा टॉम पुन्हा दरोड्यांकडे वळला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जॉप्लिन गावी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. आणि सत्तरीतला टिलमन पुन्हा बिल्ला लावून क्रॉमवेल या तेलाच्या गावात शांतता राखायला गेला. १ नोव्हेंबरच्या रात्री त्याला गोळी लागली. गोळी घालणारा कोणी पडद्यावरचा दरोडेखोर नव्हता. तो दारूबंदी खात्याचा अधिकारी होता, कायद्याचाच माणूस.

यावर चित्रपट काढायचा, तर टोळी कुठली आणि मार्शल कुठला, हे आधी ठरवावं लागेल.