घुमारा पेटीत आला

आमच्या धारूरच्या किल्ल्यात तटाकडे तोंड करून हाक मारा. तट सतरा मीटरांहून दूर असला, तर हाक वेगळी परत येते, तो प्रतिध्वनी. कमानीखाली असंख्य पडसाद एकमेकांत मिसळतात; तो घुमारा.

सिंथेसायझरचा सूर विजेतून जन्मतो. त्याला ना भिंत, ना छत. म्हणून जागा उसनी द्यावी लागते. १९७४ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने ‘स्पेस एको’ काढला. फिरत्या टेपवर एक हेड सूर मुद्रित करी, पुढची हेड तो क्षणभराने ऐकवीत. नंतर चिप आली आणि हे सारे पायाखालच्या पेडलमध्ये मावले.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवला केरसी लॉर्ड यांनी. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडच्याच यंत्रांवर दहा राग वाजवले. दोघेही वाद्यवृंदातले कसलेले वादक. पुढे मात्र एकटा कीबोर्ड व्हायोलिनच्या रांगांचे काम करू लागला आणि कित्येक वादकांची मिळकत आटली.

मी गझल लिहितो. रदीफही दर शेरात परततो, पण नवा अर्थ घेऊन. पेडल तोच सूर फिकट करून परत देते. त्यात नवे काही घालायचे, तर वाजवणारा लागतोच.